मैफिलीला जाऊ या

तुमच्यापैकी कितीजणांनी गाण्याची मैफल प्रत्यक्ष ऐकली आहे? रेडिओवर, दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर आपण रोज गाणी ऐकतो. लग्नात बँड ऐकतो, उरसात कव्वाली ऐकतो. पण गवयासमोर मांडी घालून बसायचे आणि तासभर एकच राग ऐकायचा, हा अनुभव फार थोड्या मुलांनी घेतलेला असतो. "आपल्याला त्यातले काय कळणार?" असे म्हणून आपण दूर राहतो. मैफल कशी असते, ती कशी ऐकावी आणि ऐकून आल्यावर दुसऱ्यांना कशी सांगावी, हे आज आपण पाहू.

'मैफल' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूतील 'महफिल' मराठीत येऊन 'मैफल' झाली. मराठी माणूस गाण्याविषयी बोलू लागला, की त्याच्या तोंडी तुमच्या ओळखीचेच शब्द येतात. उस्ताद, रियाज, तालीम, बंदिश, नजाकत, दाद हे सारे शब्द आता मराठीचेच झाले आहेत. 'तालीम' म्हणजे शिक्षण, हे तुम्ही जाणताच. मराठीत नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात आणि पहिलवानांच्या आखाड्यालाही तालीम म्हणतात!

आता 'ख्याल' हा शब्द पाहा. खयाल म्हणजे विचार, कल्पना. शास्त्रीय गायनाच्या एका प्रकाराला हेच नाव आहे. ख्यालातील बंदिश, म्हणजे गाण्याचे शब्द, अवघ्या दोन-चार ओळींचे असतात. मग गवई तासभर काय गातो? तो रागाचे नियम सांभाळून मनातल्या कल्पना स्वरांत मांडत जातो. कोणत्या स्वरावर किती थांबायचे, तान कोठून सुरू करायची, हे तो तेथल्या तेथे ठरवतो. म्हणून एकाच गवयाचा एकच राग आज ऐकला आणि महिन्याने पुन्हा ऐकला, तरी दोन्ही वेळी गाणे अगदी सारखे होत नाही. जी मैफल झाली, ती तशीच पुन्हा होत नाही. प्रत्यक्ष ऐकण्याचे मोल यातच आहे.

चला, आपण प्रथम सांगली जिल्ह्यातील मिरजेला जाऊ. तेथे ख्वाजा मीरासाहेबांचा प्रसिद्ध दर्गा आहे. दरवर्षी तेथे मोठा उरूस भरतो. त्या निमित्ताने दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. दूरदूरचे गायक-वादक येतात आणि खाँसाहेबांच्या स्मृतीपुढे हजेरी लावतात. ऐकणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात.

हे खाँसाहेब कोण होते? त्यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. या गावावरूनच त्यांच्या गायकीला 'किराणा घराणे' हे नाव पडले. वाण्याच्या दुकानातल्या किराण्याशी त्याचा काही संबंध नाही! खाँसाहेब काही काळ बडोद्यास होते. पुढे ते महाराष्ट्रात आले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. नंतर मिरज हेच त्यांचे घर झाले. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात असताना त्यांचे निधन झाले. त्यांची कबर मिरजेत, याच दर्ग्याच्या आवारात आहे.

खाँसाहेबांनी आपली विद्या अनेकांना दिली. त्यांचे एक शिष्य रामभाऊ कुंदगोळकर. मराठी नाटकांतील गायनामुळे लोक त्यांना 'सवाई गंधर्व' म्हणू लागले. सवाई गंधर्वांच्या शिष्यांत गंगूबाई हनगल होत्या, पारशी कुटुंबातील फिरोज दस्तूर होते आणि भीमसेन जोशी होते. पाहा, कैरान्याचा स्वर किती घरांत गेला! एका उस्तादाच्या गळ्यातून तो शागिर्दांच्या कानांत गेला आणि त्यांच्या गळ्यातून पुढच्या पिढीकडे आला. ही साखळी पुस्तकांनी नव्हे, तर समोर बसून ऐकण्याने तयार झाली.

येथे तुम्ही विचाराल, "खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिका आहेत ना? मग त्या ऐकल्या म्हणजे झाले." प्रश्न बरोबर आहे. ध्वनिमुद्रिकांचे उपकार मोठे आहेत. लहानग्या भीमसेनने अब्दुल करीम खाँ यांचे गाणे ध्वनिमुद्रिकेवरच ऐकले होते. ते ऐकून त्याला गाण्याचा असा ध्यास लागला, की १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तबकडीने त्याला वेड लावले. पण शिकण्यासाठी त्याला शेवटी सवाई गंधर्वांच्या समोरच बसावे लागले. शिवाय त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. जो राग मैफिलीत तासभर फुलायचा, तो गवयाला तीन मिनिटांत आटपावा लागे. तबकडी म्हणजे अत्तराचा फाया. बाग पाहायची, तर बागेतच गेले पाहिजे.

आता मैफिलीत जाऊन बसू. समोर बैठक घातलेली आहे. मध्यभागी गवई, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, म्हणजे हार्मोनियम, आणि मागे दोन तंबोरे. पहिली काही मिनिटे गाणे सुरूच होत नाही. नुसते तंबोरे जुळवणे चालते. नवा श्रोता येथेच कंटाळतो. तुम्ही मात्र कंटाळू नका. तंबोऱ्याला बहुधा चार तारा असतात. त्या एकामागून एक छेडल्या, की सतत एक गुंजन होत राहते. गवयाचा प्रत्येक स्वर त्या गुंजनावर उभा असतो. पाया वाकडा असेल, तर भिंत सरळ कशी येईल? म्हणून तंबोरा जुळेपर्यंत मोठमोठे कलावंतही गात नाहीत.

हे तंबोरे पुष्कळदा मिरजेचेच असतात. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मिरजेत हत्यारे घडवणारे शिकलगार कारागीर राहत. त्यांच्यापैकी फरीदसाहेब यांनी सतार आणि तंबोरा घडवण्याची कला हस्तगत केली. तलवारीचे हात तारांकडे वळले. त्यांच्या वंशजांना 'सतारमेकर' हेच आडनाव पडले. मोठा वाळवलेला भोपळा कापून त्याला लाकडी दांडी जोडतात, तारा चढवतात आणि मग कानाने स्वर तपासतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेत दर्ग्यात संगीतसभा होते, तसा नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीतोत्सव होतो. स्वरांना दोन्ही घरे सारखीच.

गाणे सुरू झाले, की गवई प्रथम अगदी सावकाश गातो. याला आलाप म्हणतात. एकेक स्वर तो हळूहळू उलगडून दाखवतो. किराणा घराण्यात तर स्वराच्या गोडव्याला फार महत्त्व आहे. मग लय वाढत जाते आणि वेगवान ताना येतात.

तुम्हांला राग ओळखता आला नाही, तरी हरकत नाही. एक सोपी गोष्ट करून पाहा. तीनताल नावाचा ताल आहे. त्यात सोळा मात्रा असतात. एक ते सोळा असे सारख्या गतीने मोजा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करा. पहिल्या मात्रेला 'सम' म्हणतात. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी द्या. नवव्या मात्रेला टाळी न देता हात नुसता बाजूला न्या. तो 'काल' किंवा 'खाली'. आता गवयाकडे लक्ष द्या. तो तान घेत दूर कोठेतरी जातो. "आता हा चुकणार!" असे तुम्हांला वाटते, आणि नेमका तो समेवर येऊन पोहोचतो. त्याच क्षणी तबल्यावर थाप पडते आणि साऱ्या श्रोत्यांच्या माना एकदम हलतात. त्या वेळी तुमचीही मान हलली, तर समजा, तुम्ही श्रोते झालात!

अशा वेळी तोंडून आपोआप 'वाहवा' किंवा 'क्या बात है' निघते. हीच दाद. दाद म्हणजे केवळ स्तुती नव्हे. "तुम्ही जे केलेत, ते आमच्यापर्यंत पोहोचले," अशी ती कलावंताला दिलेली पोच असते. योग्य जागी दाद मिळाली, की कलावंताला हुरूप येतो आणि त्याला नव्या कल्पना सुचतात. पण श्रोते आपसांत बोलत असतील, मध्येच उठून जात असतील, कोणाचा मोबाइल वाजत असेल, तर गाण्याचा रंग उडतो. म्हणजे मैफल चांगली होणे जसे गवयाच्या हाती असते, तसे ते काही अंशी आपल्याही हाती असते. मुशायऱ्यात चांगल्या शेराला दाद मिळाली नाही, तर शायराला कसे वाटेल, याची कल्पना करा.

आता पुण्याला जाऊ. सवाई गंधर्वांचे निधन १९५२ साली झाले. त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. हजारो लोक तेथे गाणे ऐकायला येऊ लागले. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले. डिसेंबरच्या थंडीत लोक शाली पांघरून, चहा पीत पहाटेपर्यंत बसत. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्या जागेत ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी झाली. ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. त्यामुळे महोत्सवाच्या वेळा बदलल्या आणि दिवस वाढले.

यामुळे एक अडचण निर्माण झाली. आपल्या रागांच्या वेळा ठरलेल्या आहेत. भैरव आणि तोडी सकाळचे, यमन संध्याकाळचा, मालकंस आणि दरबारी रात्रीचे. सगळ्या मैफिली संध्याकाळीच होऊ लागल्या, तर पहाटेचे राग लोकांच्या कानांवर कधी पडणार? म्हणून काही ठिकाणी मुद्दाम सकाळच्या सभा ठेवतात. महाराष्ट्रात 'दिवाळी पहाट' या नावाने भल्या सकाळी गाण्याचे कार्यक्रम होतात, ते तुम्हांला ऐकता येतील.

भीमसेन जोशी यांना २००८ साली 'भारतरत्न' हा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला. २०११ साली ते निवर्तले. त्यानंतर महोत्सवाला गुरूबरोबर शिष्याचेही नाव जोडले गेले. कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली डिसेंबरमधील हा महोत्सव होऊ शकला नाही. लोकांकडे ध्वनिमुद्रणे होती, मोबाइल होते. गाण्याची उणीव नव्हती. तरी २०२२ च्या डिसेंबरात मंडप पुन्हा उभा राहिला, तेव्हा लोक पूर्वीसारखेच जमले. त्यांना नुसते गाणे नको होते. गाणाऱ्यासमोर, ऐकणाऱ्यांच्या सोबतीने बसायचे होते.

या मंडपाबाहेर आणखी एक छोटी मैफल भरते. मध्यंतरात चहाच्या टपरीपाशी माणसे घोळके करून उभी राहतात. काल काय ऐकले, आज कोण गाणार, उद्या कोणाला चुकवायचे नाही, अशा गप्पा रंगतात. एखादे आजोबा वीस वर्षांपूर्वी ऐकलेली तान आजही गुणगुणून दाखवतात. शेजारचा तरुण लक्ष देऊन ऐकतो. मैफल संपली, तरी ती अशी माणसांच्या बोलण्यात जिवंत राहते.

तुम्हांलाही असे सांगता आले पाहिजे. "गाणे छान झाले," एवढे म्हटल्याने ऐकणाऱ्याला काय कळणार? त्यासाठी एक वही ठेवा. मैफिलीची तारीख, ठिकाण, कलावंताचे नाव, तबला आणि पेटी कोणी वाजवली, कोणता राग गायला, हे लिहा. राग कळला नाही, तर शेजाऱ्याला नम्रपणे विचारा. रसिक माणूस आनंदाने सांगतो. शेवटी तुम्हांला सर्वांत आवडलेला एक क्षण स्वतःच्या शब्दांत लिहा. कंटाळा आला असेल, तर तेही खरेखुरे लिहा. दुसऱ्या दिवशी वर्गात मित्रांना ते वाचून दाखवा. पुढच्या खेपेस तुमच्याबरोबर दोघे-तिघे नक्की येतील.

त्यासाठी फार पैसे लागतात असे नाही. उरसातील आणि देवळातील सभा, शाळा, ग्रंथालये व संगीत मंडळांचे कार्यक्रम पुष्कळदा विनामूल्य असतात. आपल्या गावात असा कार्यक्रम कधी आहे, याची चौकशी करा. घरच्या मोठ्या माणसांना बरोबर घ्या आणि थोडे लवकर जाऊन पुढे बसा.

कैरान्याचा एक उस्ताद मिरजेला आला. त्याच्यासमोर कोणीतरी बसले, कोणीतरी मन लावून ऐकले, म्हणून त्याचा स्वर शंभर वर्षांनंतरही आपल्यापर्यंत पोहोचला. तो पुढे न्यायला सारेच गवई व्हावे लागत नाहीत. चांगले ऐकणारे हवेतच. तंबोरे जुळले आहेत. तुमची जागा अजून रिकामी आहे. येता ना?