जुनी भागप्रमाणपत्रे : मोल कागदाचे की नोंदीचे?

घराची आवराआवर, स्थलांतर किंवा कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीचे निधन अशा प्रसंगी कपाटाच्या तळाशी अथवा बँकेच्या लॉकरमध्ये एखादे पिवळे पडलेले भागप्रमाणपत्र हाती लागते. त्यावर कंपनीची मुद्रा, संचालकांच्या स्वाक्षऱ्या आणि 'प्रत्येकी रु. १० चे ५० समभाग' असा मजकूर असतो. कोणी तो पाचशे रुपयांचा कागद म्हणून बाजूला ठेवतो, तर कोणाला लाखो रुपयांची स्वप्ने पडू लागतात. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. भागप्रमाणपत्र ही चलनी नोट नव्हे. कंपनीच्या सभासद नोंदवहीत अमुक व्यक्तीच्या नावे अमुक समभाग आहेत, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून मोल ठरवायचे असेल, तर आधी त्या कागदामागील नोंद शोधली पाहिजे.

प्रमाणपत्राचे वाचन

प्रमाणपत्राच्या दर्शनी बाजूवर कंपनीचे पूर्ण नाव, फोलिओ क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, समभागांचे अनुक्रमांक आणि दर्शनी मूल्य असते. यांपैकी फोलिओ क्रमांक सर्वांत महत्त्वाचा; बँकेतील खाते क्रमांकासारखाच तो नोंदीपर्यंत पोहोचवतो. मागील बाजू बहुधा कोणी पाहत नाही. परंतु हस्तांतरणाच्या नोंदी तेथेच असतात. तेथे शेवटी नोंदलेले नाव हे त्या कागदापुरते नोंदणीकृत धारकाचे नाव होय. प्रमाणपत्रासोबत केवळ सही केलेले हस्तांतरणपत्र असेल आणि ते कंपनीकडे कधी दाखल झालेच नसेल, तर नोंदवहीत अजून विक्रेत्याचेच नाव असण्याचा संभव आहे. १ एप्रिल २०१९ पासून कागदी समभागांचे हस्तांतरण सर्वसाधारणपणे बंद झाले आहे. त्यापूर्वी दाखल होऊन त्रुटींमुळे परत आलेल्या हस्तांतरणपत्रांसाठी सेबीने जुलै २०२५ पासून सहा महिन्यांची खास मुदत दिली होती. तशी सवलत सध्या उपलब्ध आहे किंवा कसे, हे निबंधकाकडे विचारून घ्यावे.

कंपनीचा शोध

प्रमाणपत्रावरील नाव आज बाजारात दिसत नाही, म्हणून कंपनी बुडाली असे समजू नये. 'टाटा आयर्न अँड स्टील' २००५ मध्ये टाटा स्टील झाली. 'टेल्को' २००३ मध्ये टाटा मोटर्स झाली. 'हिंदुस्तान लिव्हर' २००७ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हर झाली. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपासाठी १९४५ मध्ये स्थापन झालेली 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी पुढे 'विप्रो' या नावाने जगभर ओळखली गेली.

कंपनीचे नाव व तिची सद्यःस्थिती कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. कंपनी कार्यरत आहे, दुसरीत विलीन झाली आहे, अवसायनात आहे की निबंधकाच्या पटावरून तिचे नाव वगळले गेले आहे, हे तेथे समजते. अवसायनात निघालेल्या कंपनीत सर्व धनकोंची देणी भागल्यानंतरच समभागधारकाचा क्रम लागतो. त्यामुळे तेथून फारशी अपेक्षा ठेवू नये. मात्र बाजारातील नोंदणी रद्द झालेली कंपनी कार्यरत असू शकते आणि तिच्या समभागांना मूल्यही असू शकते.

समभाग आज किती?

किंमत पाहण्यापूर्वी संख्या निश्चित करावी लागते. बोनस समभाग, दर्शनी मूल्याचे विभाजन, विलीनीकरण आणि व्यवसायाची विभागणी या चार कारणांनी मूळ संख्या बदलते.

समजा, १९९८ मध्ये एखाद्या व्यक्तीकडे रिलायन्स इंडस्ट्रीजचे १०० समभाग होते आणि तिने ते कधीच विकले नाहीत. कंपनीने २००९, २०१७ आणि २०२४ मध्ये एकास एक या प्रमाणात बोनस दिला. म्हणजे १०० चे २००, २०० चे ४०० आणि ४०० चे ८०० समभाग झाले. शिवाय २०२३ मधील विभागणीत जिओ फायनान्शियल सर्व्हिसेसचे ४०० समभाग मिळाले. २००६ मध्येही या धारकास चार कंपन्यांचे प्रत्येकी १०० समभाग मिळाले होते. मात्र त्यांपैकी दूरसंचार कंपनी पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. एकाच प्रमाणपत्रातून समृद्धी आणि शून्य, दोन्ही निघू शकतात.

उलट प्रकारही घडतो. 'टॉमको' ही कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा तिच्या १५ समभागांस लिव्हरचे २ समभाग मिळाले. म्हणजे १५० समभागांचे २० झाले. २००० मध्ये दहा रुपयांच्या समभागाचे एक रुपयाच्या दहा समभागांत विभाजन झाल्यावर त्या २० चे २०० झाले. संख्येची ही वाटचाल कंपनीच्या वार्षिक अहवालांतून व शेअर बाजाराच्या संकेतस्थळांवरून उलगडता येते. परंतु अंतिम उत्तर कंपनीचा निबंधक व हस्तांतरण प्रतिनिधीच देऊ शकतो. हाती असलेला कागद विभाजनानंतर रद्दबातल झालेला असू शकतो, किंवा ते समभाग डुप्लिकेट प्रमाणपत्रावर विकले गेलेले असू शकतात. याच्या उलट, कागद हरवला तरी नोंद शाबूत असल्यास हक्क बुडत नाही.

समभाग निधीकडे गेले असल्यास

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२४ नुसार सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले समभाग 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'कडे वर्ग होतात. याचा अर्थ ते जप्त झाले असा नाही. निधीच्या संकेतस्थळावर नाव अथवा फोलिओ क्रमांकावरून शोध घेता येतो आणि 'आयईपीएफ-५' या अर्जाद्वारे समभाग व लाभांश दोन्ही परत मागता येतात. कंपनीच्या पडताळणीनंतर निधी प्राधिकरण निर्णय घेते. या अर्जास शासकीय शुल्क नाही. मात्र एका कंपनीबाबत एका आर्थिक वर्षात एकच एकत्रित दावा करता येतो. म्हणून त्या कंपनीचे सर्व फोलिओ आधी गोळा करावेत.

वारसांसाठी

धारक हयात नसल्यास मृत्यू दाखला, वारसाहक्काचे पुरावे, अन्य वारसांची ना-हरकत आणि समभागांच्या मूल्यानुसार लागणारी इतर कागदपत्रे निबंधकास द्यावी लागतात. समभाग संयुक्त नावे असतील, तर हयात धारकाचे काम तुलनेने सोपे असते. नामनिर्देशित व्यक्तीस समभाग मिळाले तरी ती अंतिम मालक ठरत नाही, मालकी वारसा कायद्यानुसारच ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून कागदपत्रे दाखल करण्यापूर्वी भावंडांनी एकत्र बसून विचार करणे हिताचे. या कामी वेळ सर्वाधिक जातो तो कार्यालयांत नव्हे, तर घरातील मतभेदांत.

शाखेचे साहाय्य आणि सावधगिरी

धारकाची आजची सही जुन्या सहीशी जुळत नसल्यास 'आयएसआर-२' नमुन्यात बँकेकडून ती साक्षांकित करून घ्यावी लागते. समभाग परत मिळतात ते डीमॅट स्वरूपातच. तेव्हा डीमॅट खाते आधी उघडावे आणि संयुक्त धारकांची नावे प्रमाणपत्रावरील क्रमानेच द्यावीत. आमच्या सहकाऱ्यांनीही असा ग्राहक आल्यास 'हे आमचे काम नाही' असे म्हणून त्यास परत पाठवू नये. विशेषतः पतीच्या पश्चात प्रथमच असे कागद हाताळणाऱ्या भगिनींना शाखेतील दहा मिनिटांचे मार्गदर्शन फार मोलाचे ठरते.

समभाग सोडवून देतो असे सांगून आगाऊ रक्कम मागणारे, मूळ प्रमाणपत्रे किंवा कोऱ्या कागदावर सह्या मागणारे मध्यस्थ भेटतात. त्यांच्याकडे मूळ कागद सोपवू नयेत. प्रथम छायाप्रतीवरून निबंधकाकडे लेखी चौकशी करावी. त्या पत्रास केवळ टपालखर्च लागतो. उत्तर प्रतिकूल आले तर निष्फळ धावपळ वाचते; अनुकूल आले तर कुटुंबातील कोणीतरी काटकसरीने केलेली बचत योग्य हाती पोहोचते. आणि आपल्या पश्चात मुलांना असा शोध घ्यावा लागू नये, यासाठी आपल्या गुंतवणुकींची एक यादी आजच लिहून ठेवावी.