विश्लेषण : वऱ्हाडातील ‘गाविलगड भ्रंशा’चा नकाशा का महत्त्वाचा?

सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव. बोअर मारली तर पाणी गोड लागते. तिथून दक्षिणेला, पूर्णेच्या दिशेने काही किलोमीटर गेले की विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. आणि उत्तरेला डोंगर चढून मेळघाटात शिरले, तर अधूनमधून जमीन हादरल्याच्या बातम्या. या तिन्ही गोष्टींचा धागा जमिनीखालच्या एका भेगेशी जुळतो. भूवैज्ञानिक तिला ‘गाविलगड भ्रंश’ म्हणतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या उत्तर भागातली ही भेग नेमकी कुठून जाते, याचा बारीक नकाशा आता केवळ अभ्यासकांच्या कामाचा राहिलेला नाही.

चर्चा आताच का?

दोन कारणे आहेत. पहिले भूकंपाचे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी १ वाजून ३७ मिनिटांनी अमरावती जिल्ह्यात ४.२ तीव्रतेचा धक्का बसला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने त्याची नोंद केली. चिखलदरा तालुक्यातील गावांमध्ये लोक घराबाहेर आले. मोठे नुकसान झाले नाही. पण तारीख अनेकांच्या लक्षात राहिली. बरोबर ३१ वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता.

दुसरे कारण पाण्याचे. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात ‘तापी मेगा रिचार्ज’ योजनेसाठी सामंजस्य करार झाला. तापीचे पाणी सातपुड्याच्या पायथ्याला आणून जमिनीत मुरवायचे, ही योजनेची कल्पना. प्रस्तावानुसार दोन्ही राज्ये मिळून ३१.१३ टीएमसी पाणी वापरणार असून, महाराष्ट्रातील २ लाख ३४ हजारांहून अधिक हेक्टर क्षेत्राला लाभ अपेक्षित आहे. पाणी नेमके कुठे मुरेल, हे पायथ्याच्या भूगर्भावरच ठरणार आहे.

भ्रंश म्हणजे नेमके काय?

खडकाला तडा जाणे ही रोजची गोष्ट. विहीर खणताना, खदानीत, रस्त्याच्या कटिंगमध्ये असे तडे सर्रास दिसतात. पण तड्याच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत सरकले, वर-खाली किंवा आडवे, तर त्या तड्याला भ्रंश म्हणतात. इंग्रजीतला ‘फॉल्ट’ तो हाच. भिंतीला नुसती चीर पडणे आणि चिरेच्या एका बाजूची भिंत चार बोटे खचणे, यात जो फरक आहे तोच येथे आहे.

भ्रंशाची लांबी काही फुटांपासून शेकडो किलोमीटरपर्यंत असू शकते. सगळेच भ्रंश धोक्याचे नसतात. कित्येक कोट्यवधी वर्षांपासून शांत पडून आहेत. खडकात साठत गेलेला ताण एखाद्या जुन्या, कमकुवत भेगेवर अचानक मोकळा होतो, तेव्हा भूकंप होतो. म्हणून भेग कुठे आहे आणि ती अलीकडच्या काळात हलली आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवावे लागतात.

गाविलगड भ्रंश कुठून जातो?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना घाट लागतो. खाली वऱ्हाडचे सपाट काळे मैदान, समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे-चारशे मीटरवर. वर चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास. गाविलगड किल्ला याच डोंगरावर उभा आहे. डोंगराची ही दक्षिण कड वेडीवाकडी नसून बरीचशी सरळ रेषेत पश्चिम-नैऋत्येकडून पूर्व-ईशान्येकडे धावते. भूवैज्ञानिकांच्या मते हा भ्रंशाचा खुणेचा दगडच. उत्तरेकडचा भाग वर उचलला गेला आणि दक्षिणेकडचा खाली राहिला.

अकोट, अंजनगाव सुर्जी, अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी हे तालुके या पट्ट्यालगत येतात. भ्रंशाची लांबी दोनशे किलोमीटरहून अधिक असून पूर्वेकडे तो मध्य प्रदेशात शिरतो. नर्मदा, तापी आणि सोन नद्यांच्या खोऱ्यांमधून जाणाऱ्या मोठ्या भ्रंशपट्ट्याचाच तो एक भाग आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूकंपविषयक ॲटलासमध्येही त्याचा समावेश आहे.

मग नकाशा आहेच की! नवे काय करायचे?

देशाच्या किंवा राज्याच्या नकाशावर भ्रंश एका रेषेने दाखवला जातो. प्रत्यक्षात जमिनीत अशी एक रेघ नसते. भ्रंश म्हणजे तुटलेल्या, चिरडलेल्या खडकांचा पट्टा असतो. त्याला फाटे फुटतात, समांतर उपभेगा असतात. लहान प्रमाणाच्या नकाशावरची एक मिलिमीटरची रेघ जमिनीवर कित्येक शेते व्यापते. बंधारा कुठे बांधायचा, बोअर कुठे घ्यायची, शाळा किंवा दवाखाना कुठे उभारायचा, हे अशा रेघेवरून ठरवता येत नाही. त्यासाठी गट क्रमांकापर्यंत पोहोचणारा नकाशा लागतो.

भ्रंश जमिनीवर ओळखतात कसा?

सुरुवात उपग्रहाच्या छायाचित्रांनी होते. सरळ धावणारी डोंगराची कड, एकाच ओळीत वळणारे अनेक नाले, एका रेषेत उगवलेली हिरवीगार झाडी अशा खुणा आधी टिपल्या जातात. पण छायाचित्रातली प्रत्येक सरळ रेघ भ्रंश नसते. त्यामुळे पुढचे काम पायीच करावे लागते.

नाल्याच्या काठावर, घाटाच्या कटिंगमध्ये उघडा पडलेला खडक पाहिला जातो. भ्रंशावर खडक एकमेकांवर घासल्याने गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठ तयार होते आणि त्यावर समांतर ओरखडे उमटतात. कोणती बाजू कुठल्या दिशेला सरकली, हे त्या ओरखड्यांवरून कळते. कधी तिथे खडकाचा चुरा आणि चिकणमाती सापडते. प्रत्येक ठिकाणी भेगेची दिशा आणि उतार होकायंत्राने मोजून जीपीएससह नोंदवतात.

वऱ्हाडात एक अडचण आहे. येथील बहुतेक खडक दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या बेसॉल्टचा. एकावर एक पसरलेले हे थर दिसायला सारखेच. त्यामुळे एका बाजूचा कोणता थर दुसऱ्या बाजूच्या कोणत्या थराशी जुळतो, हे ठरवणे कठीण जाते. दोन थरांमधली लाल मातीची पट्टी किंवा थराची रासायनिक घडण यांचा आधार घ्यावा लागतो.

मोर्शी तालुक्यातील सालबर्डी याला अपवाद आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी हे ठिकाण विदर्भाला ठाऊक आहे. भूवैज्ञानिक तिथे वेगळ्या कारणाने जातात. लाव्हाच्या आधीचे, एरवी त्याच्याखाली गाडलेले गोंडवाना आणि लामेटा काळातील खडक तिथे जमिनीवर दिसतात. लामेटाच्या थरांत डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्मही सापडले आहेत. जुना खडक नव्या खडकाच्या शेजारी आला, म्हणजे जमीन सरकल्याचा पुरावाच. या परिसरातला गरम पाण्याचा झराही खोल भेगांकडेच बोट दाखवतो.

काळ्या मातीखालचा भाग कसा शोधतात?

पायथ्यापासून दक्षिणेला खडक दिसतच नाही. पूर्णेने आणि तिच्या उपनद्यांनी आणलेल्या गाळाखाली तो गाडला गेला आहे. काही ठिकाणी या गाळाची जाडी तीनशे मीटरहून जास्त आहे. येथे जमिनीच्या आत ‘पाहणारी’ उपकरणे लागतात.

बेसॉल्ट जड, गाळ हलका. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाच्या अतिसूक्ष्म मोजणीत खडक कुठे अचानक खोल गेला ते कळते. जमिनीत वीजप्रवाह सोडून होणारा अवरोध मोजला, तर ओला गाळ, खारे पाणी आणि कोरडा खडक वेगळे ओळखता येतात. बोअर खणताना निघालेल्या मातीची आणि खडकाची खोलीनिहाय नोंद हा सर्वांत भरवशाचा पुरावा. एका बोअरला दहा मीटरवर खडक लागला आणि जवळच्याच दुसरीला शंभर मीटरवरही लागला नाही, तर मधे काही तरी तुटले आहे, असा संशय घेता येतो.

भेग शेवटची कधी हलली, हे कळण्यासाठी तिच्यावर आडवा चर खोदून गाळाचे थर तपासतात. थर तुटलेले असतील तर हालचाल त्या थरांनंतरची. थराचे वय काढले की हालचालीच्या काळाचा अंदाज बांधता येतो. पूर्णा खोऱ्यातील गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थरही आढळला आहे. कालनिश्चितीसाठी असे थर उपयोगी पडतात.

पाण्याचा आणि भ्रंशाचा संबंध काय?

डोंगर उंच राहिला, पायथा खोल गेला आणि त्या खड्ड्यात गाळ भरत गेला. डोंगरातून वेगाने येणाऱ्या नद्यांनी मोठे गोटे, वाळू आणि रेती पायथ्याशीच टाकली. या पट्ट्याला ‘बजाडा’ म्हणतात. येथे पाणी झपाट्याने मुरते. त्यापुढे बारीक चिकणमाती साचली. तिथे निचरा कमी, क्षार साठलेले. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावे त्यात येतात. तिथल्या अनेक गावांना शहानूर, वान यांसारख्या पायथ्याच्या धरणांवरून नळाने पिण्याचे पाणी न्यावे लागते.

मेगा रिचार्जसाठी बजाडा पट्टाच महत्त्वाचा. परंतु तुटलेला खडक नेहमी पाणी वाहून नेतोच असे नाही. भेगेत मोकळा चुरा असेल तर ती नळासारखी काम करते. चिकणमाती भरली असेल तर बांधासारखी अडवते. एकच भ्रंश एका गावात नळ आणि दुसऱ्या गावात बांध असू शकतो. पाणी चुकीच्या जागी सोडले, तर ते मुरण्याऐवजी वाहून जाईल किंवा क्षारयुक्त थरात जाऊन निरुपयोगी होईल. संत्र्याच्या बागांसाठी हजार फुटांपर्यंत बोअर घेणाऱ्या वरुड-मोर्शीच्या शेतकऱ्यालाही हेच लागू आहे. कोरड्या बोअरचा खर्च शेवटी त्याच्याच खात्यावर पडतो.

भूकंपाचा धोका किती?

घाबरण्यासारखे नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा भागात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. २२ मे १९९७ रोजी याच मोठ्या भ्रंशपट्ट्यातील जबलपूरला ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसरात लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. घरांना तडे गेले, लोकांनी रात्री उघड्यावर काढल्या.

हे धक्के नेमके कोणत्या भेगेवरचे, हे सांगण्यासाठी दोन गोष्टी लागतात: जवळ बसवलेली पुरेशी भूकंपमापक यंत्रे आणि भ्रंशांचा बारीक नकाशा. यंत्रे दूर असतील तर केंद्रबिंदूत काही किलोमीटरची चूक राहते. तेवढ्यात भेग बदलते.

किल्लारीचा धडा येथे आठवावा लागतो. त्या वेळच्या नकाशात तो भाग देशातील सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेण्यात आली. लाव्हाचे थर ३३८ मीटरपर्यंत होते आणि त्यांत आढळलेली घसरण एका भूकंपात होईल त्याहून मोठी होती. म्हणजे ती भेग आधीही हलली होती. लाव्हाखाली दडलेली असल्याने कुणाला माहीत नव्हती. २००२ मध्ये देशाच्या भूकंप नकाशातून पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले.

कोयनेचा अनुभवही लक्षात घ्यायला हवा. तिथे जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध जगभरातील अभ्यासकांनी मान्य केला आहे. प्रत्येक धरणाजवळ तसे होतेच असे नाही. तरीही भ्रंशालगत पाणी अडवण्याआधी आणि मुरवण्याआधी तिथली भेग तपासणे व भूकंपमापक बसवणे हा शहाणपणाचा भाग ठरतो.

नकाशा तयार झाला तर पुढे काय?

भूकंप कधी होईल, हे कोणताही नकाशा सांगत नाही. कुठे अधिक काळजी घ्यायची, एवढे तो सांगतो. किल्लारीत जीव गेले ते मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदांखाली. वऱ्हाडातील जुन्या धाब्याच्या घरांचीही तीच कच्ची बाजू आहे. मेळघाटातील कुडाच्या भिंतींची हलकी घरे त्या मानाने सुरक्षित. शाळा, आरोग्य केंद्र, पाण्याची टाकी किंवा घरकुल बांधताना पाया, छत आणि कोपरे यांना सळईचे बंध देणे हा फार मोठा खर्च नाही. भ्रंशालगतच्या गावांत तो आधी व्हायला हवा.

माहिती बऱ्याच अंशी उपलब्ध आहे, पण विखुरलेली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’ पोर्टलवर पाहता येतात. बोअरच्या नोंदी राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे व केंद्रीय भूजल मंडळाकडे असतात. खासगी बोअरच्या नोंदी मात्र बहुतेक वेळा गाडीबरोबरच निघून जातात. किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर काळा दगड, पाणी कुठे लागले आणि ते गोड की खारे, एवढे चार आकडे प्रत्येक शेतकऱ्याने वहीत लिहून ठेवले आणि यंत्रणेने ते गोळा केले, तरी गाविलगड भ्रंशाच्या नकाशातील कित्येक रिकाम्या जागा भरता येतील.