ओटीपी कोणाच्या खिशात?



इंटरनेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हॉट्सॲप येतं, रील येतात, मुंबईला असलेल्या नातवाचा व्हिडिओ कॉल येतो. आपल्या गटातल्या कितीतरी जणी म्हणतात, "मला कुठं त्यातलं काय येतंय? मी नाही वापरत इंटरनेट." पण बायांनो, तुमच्या आधारला एक मोबाईल नंबर जोडलेला आहे. बँकेच्या खात्याला आहे, गॅसच्या पुस्तकाला आहे. त्यामुळे इंटरनेट आपण वापरा किंवा वापरू नका, ते आपल्या संसारात शिरलेलं आहे. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न घेऊन आलो आहोत. तो नंबर कोणाचा?

आपल्या निडी, नागोठणे, रोहा भागात बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. नंबर घरच्या कर्त्याचा. आधार काढायला गेलो तेव्हा घरात एकच फोन होता, तोच नंबर सगळ्यांना लागला. सासूला तोच, सुनेला तोच. कुणाच्या आधारला दिराचा नंबर आहे, कुणाच्या खात्याला लग्नाआधीचा, माहेरच्या भावाचा. तेव्हा त्यात काही अडलं नाही. आता अडतं, कारण आता नंबर म्हणजे सही झाली आहे.

हे कसं, ते समजून घेऊ. पूर्वी बँकेत गेलं की सही करायची, नाहीतर अंगठा उठवायचा. समोरचा माणूस आपल्याला बघत होता. इंटरनेटला आपण दिसत नाही. समोर खरी बाईच आहे की तिच्या नावावर दुसरं कोणी, हे त्याला कळत नाही. म्हणून ते जोडलेल्या नंबरवर एक आकडा पाठवतं. तो एकदाच चालतो आणि काही मिनिटांत बाद होतो. हाच ओटीपी. तो आकडा ज्याने भरला, त्यानेच सही केली असं धरलं जातं. अंगठा निदान आपल्याच हाताला होता. हा आकडा मात्र ज्याच्या खिशात फोन, त्याच्याकडे जातो.

आता लाडकी बहीण योजनेचंच बघा. जून २०२४ मध्ये योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. जुलैत अंगणवाडीच्या ताईंनी, सीआरपी ताईंनी मोबाईलवर अर्ज भरून दिले. ऑगस्टमध्ये दोन महिन्यांचे मिळून ३००० रुपये जमा व्हायला लागले. कितीतरी जणींच्या खात्यात स्वतःच्या नावाने दर महिन्याला पैसे येण्याची ही पहिलीच वेळ. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने ई-केवायसी सक्तीची केली. त्यात बाईच्या आधारला जोडलेल्या नंबरवर एक ओटीपी येणार, आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकून त्यांच्या नंबरवर दुसरा ओटीपी येणार. मुदत वाढवत वाढवत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत न्यावी लागली. ज्यांचे नवरे आणि वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांच्यासाठी कागदपत्रं अंगणवाडीत द्यायची वेगळी सोय करावी लागली.

आता डोळ्यांसमोर आणा. नवरा पहिल्या पाळीला धाटावच्या कारखान्यात. फोन त्याच्याकडे, किंवा गेटवर जमा. बायको केंद्रावर रांगेत. ओटीपी आला तो धाटावला. पाळी सुटेपर्यंत तो बाद झाला. बाईची मजुरी बुडाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग. यात नवऱ्याची काही चूक नाही. पण पैसे बाईच्या नावाचे आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे, ही गोष्ट मात्र खरी.

चांगलं चाललेल्या घरात ही फक्त गैरसोय असते. वाईट वेळ आली की खरा प्रश्न उभा राहतो. नवरा अचानक गेला आणि त्याच्या नंबरचं रिचार्ज कुणी केलं नाही, तर काय होतं? सलग ९० दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. काही महिन्यांनी तोच नंबर भलत्याच माणसाला मिळतो. म्हणजे तुमच्या खात्याचे मेसेज तिसऱ्याच गावातल्या अनोळखी माणसाकडे. किंवा भांडण झालं, बाई लेकरं घेऊन माहेरी आली. तिचं आधार तिच्या पिशवीत आहे, पासबुक आहे, आणि ओटीपी मात्र सासरच्या फोनवर जातोय. कागद हातात असून तिचे हात रिकामेच.

आणखी एक गोष्ट. आपल्याला सगळीकडे सांगतात, "ओटीपी कुणाला सांगू नका." बरोबरच आहे ते. पण ज्या बाईचा ओटीपीच दुसऱ्याच्या फोनवर येतो, तिने हे पाळायचं कसं? ती रोजच कुणाला तरी विचारते, कुणीतरी तिला मोठ्याने वाचून दाखवतं, ती केंद्रावरच्या मुलाला सांगते. आकडा सांगायची सवयच लागते. मग एक दिवस फोन येतो, "ताई, तुमचा हप्ता अडकलाय, आलेला नंबर सांगा," आणि ती सांगून टाकते. तिला आपण भोळी म्हणतो. पण व्यवस्थेनेच तिला तसं वागायला शिकवलं आहे.

म्हणून आमचं म्हणणं आहे की प्रत्येकीच्या आधारला आणि खात्याला तिचा स्वतःचा नंबर असावा. त्यासाठी महागडा फोन लागत नाही. ओटीपी साध्या मेसेजने येतो, तो बटणाच्या साध्या फोनवरही दिसतो. सिम मात्र आपल्याच नावावर घ्या. दुकानदाराच्या, भाच्याच्या नावावर घेतलेलं सिम आपलं नसतं. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हे सरकारच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर बघता येतं. गटातली शिकलेली पोर दोन मिनिटांत बघून देईल.

सिम घेतलं की काम संपत नाही. इथेच पुष्कळ जणींची गफलत होते. आधारला जोडलेला नंबर वेगळा आणि बँकेत नोंदवलेला नंबर वेगळा. एका ठिकाणी बदलला म्हणून दुसरीकडे आपोआप बदलत नाही. आधारचा नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो, तिथे बोटांचे ठसे घेतात. त्याला कुठलंही कागदपत्र लागत नाही. ठरलेलं शुल्क भरा आणि पावती मागून घ्या. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमनही २०२१ पासून हे काम करून देतात, तेव्हा आधी पोस्टात चौकशी करा. बँकेत मात्र पासबुक घेऊन शाखेत जायचं आणि नंबर बदलण्याचा अर्ज द्यायचा.

तिथेच आणखी एक विचारून घ्या. "माझं आधार याच खात्याला पैसे जमा होण्यासाठी जोडलंय ना?" योजनेचे पैसे आधारवरून येतात, आणि शेवटी ज्या खात्याला आधार जोडलं तिथे जातात. पैसे आलेच नाहीत असं म्हणणाऱ्या काही जणींचे पैसे त्यांच्याच दुसऱ्या, विसरलेल्या खात्यात पडलेले असतात.

खर्चाचंही बोलू. वेगळं सिम म्हणजे वेगळं रिचार्ज, आणि ते स्वस्त राहिलेलं नाही. रिचार्ज संपलं की काही दिवसांनी येणारे मेसेजही थांबतात. ज्या घरात एकच फोन परवडतो तिथे निदान एवढं करा. फोन एकच असला तरी त्यात दोन सिम बसतात. दुसरं सिम बाईच्या नावाचं ठेवा. अडीअडचणीला ते काढून साध्या फोनमध्ये घालता येतं. माहेरी गेली तरी ते तिच्यासोबत जातं.

घरात हे बोलायचं कसं, असं काही जणी विचारतील. भांडण लावायला आम्ही हे सांगत नाही. "तुम्ही कामावर असता, माझं काम खोळंबतं, तुमचीही सुट्टी मोडते," एवढं म्हटलं तरी पुरतं. आणि ते खरंच आहे.

फोन हातात आला की दोन गोष्टी पाठ करा. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याकडून जातात. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की अर्धा तास काढा. प्रत्येकीने तीन उत्तरं द्यायची. माझ्या आधारला कोणाचा नंबर आहे? माझ्या खात्याला कोणाचा आहे? आणि ते सिम कोणाच्या नावावर आहे? वहीत आधार नंबर किंवा पिन लिहू नका, फक्त 'माझा' किंवा 'दुसऱ्याचा' एवढंच लिहा. जिथे 'दुसऱ्याचा' आलं, त्या चार-पाच जणी मिळून एकाच दिवशी रोह्याला किंवा पेणला केंद्रावर जा. सोबत असली की रांगही कमी वाटते, आणि एकीचं काम अडलं तर दुसरी विचारायला असते. विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बाया असतील, त्यांचा नंबर आधी लावा.