चुना, दगड आणि शिक्षक

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात जुन्या इमारतींच्या जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९७०च्या दशकात सुरू झाला. असा विषय एकट्या वास्तुविशारदाला शिकवता येत नाही. दगडाची झीज ओळखणारा, जुनी दप्तरं वाचणारा, कायदा जाणणारा, चुना मळणारा, सगळेच लागतात.

चुन्याचंच घ्या. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडतं आणि मऊ दगडाचा भुगा होऊ लागतो. हे फळ्यावर पुरतं कळत नाही, थापी हातात घ्यावी लागते.

म्हणूनच वास्तुविशारद बर्नार्ड फील्डन यांच्यासारख्या, प्रत्यक्ष काम केलेल्या शिक्षकांचं मोल मोठं. यॉर्क मिन्स्टर या कॅथीड्रलचा मधला मनोरा खचत होता. १९६७ ते १९७२ या काळात त्यांनी पायाभोवती काँक्रीट घालून, पोलादी सळ्यांनी आवळून तो सावरला. त्या खोदकामात रोमन लष्करी तळाचे अवशेष हाती लागले, आणि तेही तळघरात जपले गेले! पुढे फील्डन रोमच्या ‘इक्रॉम’ या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. जतनावरचं त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. भारतातल्या ‘इंटॅक’ या वारसा जतन करणाऱ्या संस्थेसाठीही त्यांनी तांत्रिक मार्गदर्शिका लिहिली.