काटा बारावर ठेवायचाय!
घरच्या बीअरला फेस आणणं म्हणजे गॅसच्या एका काट्याला सांभाळणं

बीअरचा ग्लास समोर आला की आपण आधी काय बघतो? फेस! नसला तर 'फ्लॅट आहे यार' म्हणून वेटरला परत बोलावतो, जास्त झाला तर 'अर्धा ग्लास फेसच दिलाय' म्हणून भांडतो. या दोन्हींच्या मधला जो सुखाचा पट्टा आहे ना, तो ठरतो एका छोट्याशा डायलवर.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला असतो. आठवडाभर चिप डिझाइन, वीकेंडला गॅरेजमध्ये बीअर. तिकडे हे बिनधास्त चालतं. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बीअरवरचा कर उठला. घरात दोन सज्ञान माणसं असली तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर! विकायची मात्र नाही. (वाचून लगेच बाल्कनीत पिंप मांडू नका. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ आहे आणि परवान्याशिवाय घरी बीअर बनवणं हा गुन्हा आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, ती रीतसर परवान्यावर.)

मी गेले तेव्हा दादाची चाळिशी तीन दिवसांवर होती. शनिवारी पंचवीस माणसं येणार, दोन केग तयार. केग म्हणजे स्टीलचं उंच पिंप, साधारण १९ लिटरचं. मुळात ही पिंपं सोडा फाउंटनच्या सिरपसाठी बनली, नंतर हौशी मंडळींनी पळवली. आडव्या डीप फ्रीझरला थर्मोस्टॅट लावून ती ३-४ अंशांवर ठेवलेली. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर.

फंडा तसा सोपा आहे. विल्यम हेन्री नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्येच सांगून ठेवलंय की द्रवावर वायूचा दाब जितका जास्त, तितका तो वायू द्रवात जास्त विरघळतो. शिवाय द्रव जितका गार, तितकी त्याची भूक मोठी. ३-४ अंशांवर १२ पीएसआय दाब सतत ठेवला, तर आठ-दहा दिवसांत एक लिटर बीअरमध्ये सुमारे अडीच लिटर गॅस मुरतो. तेवढाच गॅस २० अंशांवर मुरवायचा तर दाब तीसच्या आसपास लागतो. म्हणजे कुणी फ्रीझर उघडा टाकला की हिशेब बिघडला. सिलिंडरमध्ये मात्र ८०० पीएसआयच्या वर दाब असतो (गाडीच्या टायरमध्ये ३०-३५!). त्या राक्षसाला बारावर आणून तिथेच उभं करणं हे रेग्युलेटरचं काम.

बुधवारी रात्री दादाने डायल बघितला तर काटा शून्यावर. सिलिंडर रिकामा! आठवडाभरापूर्वीच भरून आणलेला.

इथे एक गंमत आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, त्यामुळे आतला द्रव संपेपर्यंत मोठ्या दाबाचा काटा जागचा हलतच नाही. त्याच्याकडे बघून 'अजून भरपूर आहे' म्हणणारा हमखास फसतो. खरं उत्तर वजनकाटा देतो. आपल्या आया स्वयंपाकघरातला सिलिंडर उचलून अंदाज घेतात, तो शहाणपणा इथेही लागू आहे.

मग गॅस गेला कुठे? दादाने शेजारच्या मित्राचा सिलिंडर आणून जोडला. मी भांड्यांच्या साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर लावत गेले. नळी ठीक, रेग्युलेटर ठीक. एका केगच्या झाकणाशी मात्र बुडबुडे नाचायला लागले. या झाकणांचा वायसर कमी दाबावर नीट बसत नाही. आधी एकदा तीस पीएसआयचा दणका देऊन तो बसवायचा, मगच बारावर यायचं. दादाने पहिल्या दिवसापासून थेट बारावरच ठेवलं होतं.

"अरे, मुलं इथेच सायकली काढतात," वहिनी दारातून म्हणाली. विषय तिथे बीअरचा राहिला नाही. तो सिलिंडर पाच पौंडांचा होता, म्हणजे सव्वादोन किलो. मोकळा सुटला की साधारण १२०० लिटर गॅस. हा हवेपेक्षा जड असतो, वास नाही, रंग नाही. बंद जागेत तळाशी साचतो, आणि फ्रीझरचं झाकण उघडून कुणी आत वाकलं तर आधी गरगरतं आणि पुढे जिवावर बेतू शकतं. दादा गप्प. गॅरेजचं शटर पूर्ण वर गेलं.

गुरुवारी गळक्या केगमधला दाब आधी पूर्ण सोडून (दाब असताना झाकणाला हात लावायचाच नाही) नवा वायसर बसवला. आठ-दहा दिवस मुरवायला वेळ नव्हता, म्हणून त्याच रात्री तीसवर चढवून चोवीस तास ठेवलं, मग जादा दाब सोडून पुन्हा बारावर आणलं. काही जण केग मांडीवर घेऊन ताक घुसळल्यासारखा हलवतात. चालतं, पण गॅस किती गेला याचा पत्ता लागत नाही. मला विचाराल तर संथ पद्धतच भारी.

शुक्रवारी रात्री चव बघायला ग्लास भरला तर नुसता फेस! दादाचा हात लगेच रेग्युलेटरकडे, दाब पाचवर आणायला. हा मोह भल्याभल्यांना होतो. त्या वेळेपुरतं बरं दिसतं, पण दाब तसाच कमी राहिला की बीअरमधला गॅस बाहेर येऊ लागतो आणि काही दिवसांत ती फ्लॅट होते. औषध नळीत आहे. बारीक आणि लांब नळीत घर्षण वाढतं, वाटेतच जोर कमी होतो आणि बीअर शांतपणे ग्लासात उतरते. दादाची नळी जेमतेम चार फुटांची होती. ती काढून दहा फुटांची लावली, वेटोळं करून फ्रीझरमध्येच ठेवली. काटा बारावरच.

शनिवारी संध्याकाळी पहिला ग्लास फेसाळला, कारण नळ गरम होता. दुसऱ्यापासून दोन बोटं फेस, खाली सोनेरी बीअर. रात्री साडेदहाला पहिला केग संपला. आणि वहिनीने गॅरेजच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावलाय. त्याची बॅटरी बघायची ड्यूटी दादाची.