बुटका रोबोट, उंच टोपली!

बालमित्रांनो, दहीहंडी तुम्ही पाहिलीच असेल. हंडी उंच, गोविंदा बुटके; मग काय, थरावर थर! २००८ साली पुण्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचा विषयच मुळी ‘गोविंदा’ होता. हंडी तीच, गोविंदा मात्र रोबोट!

उंचीचं हे कोडं शाळकरी मुलांपुढेही येतं, बरं का! ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या त्यांच्या स्पर्धेत रोबोट सुरुवातीला १८ इंच लांब, रुंद आणि उंच एवढ्याच जागेत मावावा लागतो. २०२४-२५ च्या खेळात वरची टोपली मात्र होती ४३ इंचांवर! तिच्यात वस्तू टाकायची कशी?

पहिला उपाय, लांब हात. पाण्याने भरलेला तांब्या छातीशी धरा. आता हात पुढे लांब करून धरा. दुखतो ना खांदा? रोबोटचा खांदा म्हणजे त्याची मोटर. हात दुप्पट लांब केला, की तेच वजन उचलायला तिला दुप्पट जोर लावावा लागतो. हात सोपा खरा, पण कमी उंचीसाठीच बरा.

दुसरा उपाय तुमच्या टेबलाच्या खणात आहे! खण ज्या पट्ट्यांवर सरकतो, तशा एकीत एक बसणाऱ्या पट्ट्या उभ्या लावायच्या. मोटर दोरी ओढते, दोरी कप्प्यांवरून फिरते आणि पट्ट्या एकीतून एक वर सरकतात. वस्तू सरळ वर जाते, जागाही कमी लागते. दोरी मात्र ताणलेली हवी. सैल पडली की कप्पीवरून निसटलीच म्हणून समजा.

तिसरा उपाय, कात्री. फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्या मिटल्या की चपट्या, उघडल्या की उंच. दिसते मोठी ऐटदार! पण अगदी मिटलेली असताना ती उचलायलाच सगळ्यात जास्त जोर लागतो. शिवाय सांधे पुष्कळ. प्रत्येक सांधा थोडा थोडा हलला, तरी वरचं टोक चांगलंच डुलतं.

माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊन हे सगळं करून पाहिलं. एका गटाने ऐटीसाठी कात्री निवडली. वर खोडरबर ठेवला, आणि कात्री आडवी! मुलं हिरमुसली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पण आपल्याला उचलायचं किती उंच होतं?” मोजलं, तर फक्त एक वीत! त्याला साधा हातच पुरला असता.

म्हणून आधी तीन प्रश्न विचारा: किती उंच? किती जड? किती वेळात? त्यांची उत्तरं कागदावर लिहा, मगच उपाय निवडा. आणि एक विसरू नका. वजन वर गेलं की रोबोट कलंडायला टपलेलाच असतो. म्हणून पळताना वजन खाली, टोपलीपाशी थांबल्यावरच वर!

आईबाबांनो, महागडी किट नंतर आणा. आज घरात जुना पुठ्ठा असेल, तर तो तेवढा मुलांना द्या. त्यांची पहिली कात्री आडवी पडेल. पडू द्या! दुसरी मुलं मोजून करतील.