माया, मेल गिब्सन आणि आमची चौथी बोअर

सेमिस्टर संपली की आमच्या हॉस्टेलवर एक ठरलेला कार्यक्रम असतो. कुणाचा तरी लॅपटॉप, मेसमधून ढापलेली चादर पडदा म्हणून, आणि ‘एकदम हार्डकोअर’ असा एखादा सिनेमा. या वेळी निवड झाली ‘अपोकॅलिप्टो’ची. मेल गिब्सनचा २००६चा सिनेमा. सगळे संवाद युकाटेक माया भाषेत, खाली सबटायटल्स, सव्वादोन तास नुसता थरार. पहिल्या अर्ध्या तासात आमच्यातल्या दोघी उठून गेल्या. पिरॅमिडवरून मुंडकी घरंगळायला लागली तेव्हा तिसरीने डोळ्यांवर उशी धरली ती क्लायमॅक्सपर्यंत.

मी मात्र एका वेगळ्याच सीनला अडकले. जग्वार पॉ नावाच्या आपल्या हिरोला आणि त्याच्या गाववाल्यांना गळ्यात बांबू अडकवून शहराकडे ओढत नेतात. वाटेत जंगल संपतं. आधी तोडलेली झाडं, मग करपलेला मका, मग चुन्याची खाण. खाणीत काम करणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. पापण्यासुद्धा पांढऱ्या. एक जण खोकतो आणि रक्त ओकतो. फार तर मिनिटभराचा सीन असेल. पण मला ती माणसं ओळखीची वाटली. आमच्या रानात बोअर घेताना गाडीवरची पोरं अशीच दिसतात. मशीन खाली काळा खडक फोडतं आणि वर राखाडी-पांढरा फुफाटा उडतो. दुपारपर्यंत पोरं, गाडी, शेजारची बोर, आमचं कुत्रं, सगळं एका रंगाचं.

माझं गाव पाथर्डी तालुक्यात. जिल्हा अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी अजून नगरच. घरची साडेचार एकर जमीन, एक विहीर आणि तीन बोअर. त्यातल्या दोन कोरड्या. तिसरी डिसेंबरपर्यंत गुळण्या टाकते, नंतर गप्प. सिनेमा बघितला त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला, चौथी बोअर घ्यायचं चाललंय म्हणून. पाणाड्या येऊन गेला, हातावर नारळ उभा राहिला, जागा ठरली. पैसे कुठून आणणार, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

आता माया लोकांचं खरं काय झालं होतं, ते बघू. कारण सिनेमात इतिहासाचा पार चिवडा केलाय.

मध्य अमेरिकेत, आजच्या ग्वाटेमाला, बेलीझ आणि दक्षिण मेक्सिकोच्या सखल भागात माया लोकांची टिकालसारखी मोठमोठी शहरं होती. इसवी सन ८०० ते ९००च्या आसपास ती एकेक करून ओस पडत गेली. राजे आपल्या कारकिर्दीच्या तारखा दगडात कोरून ठेवायचे, ते कोरणंच थांबलं. त्यांच्या दीर्घ कालगणनेतली शेवटची कोरीव तारीख इसवी सन ९०९ची आहे, टोनिना इथली. स्पॅनिश जहाजं आली ती १५००नंतर. गिब्सनने मधली सहाशे वर्षं गिळून दोन्ही गोष्टी एका आठवड्यात बसवल्या. शिवाय बळींची ती फॅक्टरी माया लोकांपेक्षा अॅझ्टेकांच्या वर्णनांशी जास्त जुळते, असं अभ्यासकांनी तेव्हाच म्हटलं होतं. माया लोकांत नरबळी होते, ते कुणी नाकारत नाही. पण खगोलशास्त्र, शून्याचा वापर, लिपी हे सगळं सिनेमात कुठेच नाही. ज्यांनी ग्रहणांची गणितं मांडली, तेच लोक इथे ग्रहण लागल्यावर तोंड वासून आकाशाकडे बघत बसलेत. आणि माया ‘संपले’ वगैरे काही नाही. लाखो माया लोक आजही तिथेच राहतात आणि आपल्या भाषा बोलतात.

तरी त्या चुन्याच्या सीनला आधार आहे. सिनेमाचे सल्लागार होते रिचर्ड हॅन्सन. एल मिराडोर या जुन्या माया शहरात वर्षानुवर्षं उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ. त्यांचं म्हणणं असं : या शहरात पिरॅमिडांना, चौकांना, फरशांना चुन्याचा गिलावा असायचा आणि तो पिढ्यानुपिढ्या जाड होत गेला. गरज होती म्हणून नाही, मोठेपणा दाखवायला. चुनखडी भाजून चुना करायचा तर लाकूड लागतं, आणि भरपूर लागतं. झाडं गेली, उघड्या जमिनीची माती वाहून शेजारच्या पाणथळ जागांत बसली, आणि ज्या गाळावर शेती चालायची तोच पुरला गेला. हे शहर इसवी सन १५०च्या सुमाराला ओस पडलं. म्हणजे मोठ्या पडझडीच्याही साडेसहाशे वर्षं आधी. आधीच्या लोकांनी करून दाखवलं होतं, तरी नंतरच्यांनी पुन्हा केलं.

मोठ्या पडझडीचं एक मुख्य कारण दुष्काळ. युकाटानमधल्या चिचानकानाब तळ्याच्या तळाचा गाळ काढून शास्त्रज्ञांनी तपासला. तळं आटलं की पाण्यातलं जिप्सम तळाशी साचतं, त्यामुळे गाळाचा थर म्हणजे पावसाची डायरीच. १९९५मध्ये त्यातून दुष्काळाचा काळ पुढे आला. २०१८मध्ये याच तळ्यावरच्या दुसऱ्या अभ्यासाने अंदाज मांडला, की त्या काळात वार्षिक पाऊस निम्म्याच्या आसपास घटला होता, आणि सगळ्यात वाईट टप्प्यात ७० टक्क्यांपर्यंत. पाणी साठवणं त्यांना कळत नव्हतं असं नाही. टिकालमध्ये मोठे जलाशय होते, इतर काही भागांत ‘चुलतून’ नावाचे जमिनीखालचे हौद होते. पण पाऊस कमी, माणसं जास्त, झाडं गेलेली आणि राजांच्या आपसात लढाया. या सगळ्याची बेरीज झाली.

नावं बदलली तर हे कुठल्याही बातमीपत्रातलं वाटेल ना? मलाही वाटलं. म्हणून इंटर्नशिपमध्ये ‘जिल्ह्यातली एक स्टोरी कर’ असं सांगितल्यावर मी हिवरे बाजारचं नाव दिलं. सीनियरने ‘तिथे काय नवीन मिळणार, शंभर वेळा छापून आलंय’ असं म्हटलं. खरंय. पण मला बातमी नको होती, मला वडिलांना सांगायला काहीतरी हवं होतं.

नगरपासून साधारण सतरा किलोमीटर. गावात शिरल्यावर पहिल्यांदा डोंगर दिसतात, आणि ते हिरवे आहेत. बाहेरच्याला यात काय विशेष, असं वाटेल. नगर तालुका ज्यांनी एप्रिलमध्ये बघितलाय त्यांना विचारा. इथला पाऊस वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे आमच्यापेक्षा जास्त नाहीच, झाला तर कमीच.

या गावाचीही आधी पडझड झालेली. एकेकाळी पैलवानांचं गाव म्हणून नाव होतं. १९७२च्या दुष्काळानंतर उतरण लागली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसं कामाला पुण्या-मुंबईला गेली, उरलेल्यांत दारूच्या भट्ट्या आणि भांडणं. सरकारी नोकरांना शिक्षा म्हणून इथे बदली मिळायची म्हणे. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. शिकलेला, क्रिकेट खेळणारा तरुण. पुढे २०२०मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ते तुम्हाला माहीत असेल.

शेजारच्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी समोर होतंच. तिथली पंचसूत्री इथेही आली : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान. डोंगरावर सलग समतल चर खणले, बांध घातले, १९९४नंतर आदर्शगाव योजनेचा पैसा मिळाला. १९९५च्या पाहणीत दीडशेहून जास्त कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती. पंधरा वर्षांत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि बाहेर गेलेली कुटुंबं परत आली.

हे सगळं गुगल केलं तरी मिळतं. मला खरी उत्सुकता होती ती दोन नियमांची. एक, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. दोन, ऊस आणि केळी लावायची नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना जिथे प्रवरानगरला उभा राहिला, त्या जिल्ह्यात उसाला नाही म्हणायचं! आमच्याकडे ज्याच्या रानात ऊस, त्याच्या शब्दाला लग्नाच्या बैठकीत वजन. मायांचा जाड गिलावा मला इथे आठवला, लपवून कशाला ठेवू.

बोअरबंदीमागचं गणित मात्र साधं आहे. आपल्याकडे खाली काळा बेसॉल्ट. वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात पाणी मुरतं आणि विहिरी त्यावर चालतात. विहिरीचं पाणी सगळ्यांना दिसतं, किती उरलंय ते काठावरून कळतं. बोअर मात्र खोल जाते, आणि ती कुणाच्या वाट्याचं पाणी ओढतेय ते दिसत नाही. सहाशे फुटांवर तुम्ही शेजाऱ्याला हरवलंत तर तो सातशेवर जातो. आमच्या शिवारात अगदी हेच चाललंय.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद. गावात पर्जन्यमापक आहेत, विहिरींची पातळी मोजली जाते. पावसाळा संपला की किती पाणी आलं, किती मुरलं याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात. आधी माणसं आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग घरवापराचं. उरलेल्यातलं सुमारे ७० टक्के शेतीला, बाकी जमिनीतच राहू द्यायचं. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं कमी करायची. म्हणजे रब्बीत गहू घ्यायचा की ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं, हे तुम्ही एकटे ठरवत नाही.

हेच मला थोडं टोचलंही. माझ्या रानात मी काय पेरायचं ते गाव ठरवणार? जमीन बाहेरच्याला विकायची नाही, हाही एक नियम आहे. नसबंदीसारखा शब्द आज आपल्या पिढीला ऐकायलाही जड जातो. तीस वर्षं गावात ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध व्हायची. २०२१मध्ये पहिल्यांदा मतदान झालं, आणि पवारांचंच पॅनेल निवडून आलं. बिनविरोध म्हणजे एकमत, की कुणी बोललं नाही? एका दिवसाच्या भेटीत याचं उत्तर मिळत नाही, आणि मिळाल्याचं नाटक मी करणार नाही. शिवाय गाव लहान, डोंगर जवळ, एकच नेता इतकी वर्षं टिकलेला. सगळीकडे हे जमलं असतं तर आतापर्यंत जमलं असतं.

परत येताना वाटलं, माया राजांकडे नेमकं काय नव्हतं? पाऊस कमी होता, तो इथेही आहे. हौद होते, बुद्धी होती, कॅलेंडर तर आपल्यापेक्षा भारी होतं. पण पाऊस आटला तरी गिलावा पातळ करायचा नाही, असा तो समाज होता. आणि लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. १९७४मध्ये तिथे ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा, रेडा सापडले, सगळ्यांचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. ते गाव इसवी सनपूर्व १०००च्या सुमाराला ओस पडलं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला त्याच सुमाराला चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि लोक शेतीपेक्षा शिकारीवर जास्त जगू लागले. त्याचं कारण वाढत गेलेला कोरडेपणा, असं तिथे उत्खनन करणाऱ्या म. के. ढवळीकरांनी मांडलं. आम्हाला शाळेत दायमाबादचा रथ चित्रात दाखवला होता. ते गाव रिकामं का झालं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आप्पांना ‘अपोकॅलिप्टो’ मोबाइलवर दाखवला. मारामाऱ्यांचं त्यांना काही वाटलं नाही, साऊथचे सिनेमे बघून सवय आहे. शेवटी एक सीन येतो. जग्वार पॉची गरोदर बायको आणि छोटा मुलगा कोरड्या खड्ड्यात अडकलेत, आणि धो-धो पाऊस सुरू होतो. पाणी तिच्या गळ्याशी येतं. मी श्वास रोखून बसलेले. आप्पा एकदम सरसावून म्हणाले, “पाऊस लागला बघ!” मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतःवरच हसले.

जेवताना मी विषय काढला. “आप्पा, हिवरे बाजारात बोअरच घेत नाहीत.”

“तिथं कुणीच घेत नाही, म्हणून जमतं. मी एकट्यानं थांबून काय होणार? चारही बाजूंनी ओढायला बसलेत.”

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी एवढंच म्हटलं, की निदान विहीर किती खाली जाते ते तरी लिहून ठेवू. आईने जुनी नाडी काढून दिली. आम्ही तिला फुटाफुटावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि विहिरीत सोडली. शेजारचे दोघं काठावर उभं राहून बघत होते, पोरगी शिकून आली आणि विहिरीत दोरी सोडतेय म्हणून.

आता दर सोमवारी आप्पांचा व्हॉट्सअॅप मेसेज येतो. नुसता आकडा. या सोमवारी आला, ‘२६’. गेल्या सोमवारी २४ होता. त्याखाली आणखी एक ओळ होती : ‘शेजारच्यांनी पण मोजली. त्यांची ३१.’

बोअरची गाडी अजून सांगितलेली नाही. पाणाड्याने दाखवलेल्या जागेवर दगड ठेवलाय, तो तसाच आहे.